पुठ्ठ्याचे कार्ड

शनिवार, ८ जुलै २०२३. सकाळी नऊ वाजता माझ्या दारावरची घंटा वाजली. दार उघडले तर समोर सुंदराबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पुठ्ठ्याचे ग्राफिक्स कार्ड होते. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून, कडा पात्याने तासून, टोकाला पत्र्याची पट्टी वाकवून त्यांनी ते बनवले होते. वर पेन्सिलीने लांबी, उंची आणि जाडी लिहिली होती. "हें आंत मावतें," त्या म्हणाल्या. "आतां असलेंच खरें घ्यावयाचें. चला."

मी काही विचारले नाही. त्यांच्या घरात आधी पुठ्ठ्याच्या रूपात येऊन गेली नाही अशी मोठी वस्तू मी पाहिलेली नाही. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा खोक्यांचा एक फ्रिज त्यांच्या स्वयंपाकघरात आठवडाभर उभा होता. त्या त्याला वळसा घालून जात, त्याचे पुठ्ठ्याचे दार उघडत आणि लावत. ते दार इडलीचे पीठ वाटायच्या ग्राइंडरला लागते असे दिसताच तो फ्रिज बाद झाला आणि दुसऱ्या बाजूला उघडणारा पुठ्ठा उभा राहिला. इमारतीतले लोक हसले. मीही हसलो. "हसा," त्या मला म्हणाल्या. "तुमचा फ्रिज बैठकींत उभा आहे, वसंतराव. माझा स्वयंपाकघरांत." हे खरे होते. माझा फ्रिज स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला नव्हता.

टी. आर. सुंदराबाई हे त्यांचे कार्यालयातले नाव. पहिले अक्षर तंजावरचे, दुसरे वडिलांचे. पूर्वज मराठी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले ते परत गेले नाहीत. त्यांनी आणलेली मराठी या घराण्याने तशीच सांभाळली. तीत मध्येच तमिळ शब्द येई आणि वाक्याचा शेवट तमिळ चालीने वर चढे. 'सगळे' म्हणायचे असले की त्या 'अस्की' म्हणत. मी साताऱ्याकडचा. बदलीवर दक्षिणेत आवडी या गावच्या सरकारी कारखान्यात रुजू झालो तेव्हा आरेखन विभागात खिडकीजवळचे टेबल त्यांचे होते. माझी मराठी ऐकून त्यांनी मान वर केली. "फार घाईची आहे," त्या म्हणाल्या. "मागें कोणी लागलें आहे कां?" निवृत्तीनंतर मैलापूरला एकाच इमारतीत आमची घरे झाली. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. मैत्री हा शब्द आम्ही दोघांनीही कधी उच्चारला नाही.

कारखान्यातला एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून हा स्वभाव कळणार नाही. भोके पाडताना लोखंड घट्ट धरून ठेवणारी एक चौकट तयार व्हायची होती. वरिष्ठांनी घाईत तिच्या आराखड्यातले एक भोक सरकवले आणि सुंदराबाईंना सही करायला सांगितले. माप पुन्हा घेतल्याशिवाय सही करणार नाही, असे त्यांनी सांगितले. हा आदेश आहे, असे वरिष्ठ म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "आदेश मागें घेतां येतो, सार. लोखंडांतलें भोंक मागें घेतां येत नाहीं." अखेर आराखडा वरिष्ठांच्या सहीने गेला. चौकट बनली आणि अचूक बसली. सुंदराबाईंचा अंदाज चुकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या आराखड्याची प्रत स्वतःच्या टेबलासमोर भिंतीला लावली आणि ती निवृत्तीपर्यंत काढली नाही. कोणी चिडवले की म्हणत, "माझी चूक आहे, म्हणून लावली आहे. पण सही केली नाहीं ही चूक नव्हे. न मापतां बरोबर आलें, त्यास नशीब म्हणतात. कारखाना नशिबावर चालवावयाचा असेल तर मला कशास ठेवलें?"

पती लवकर गेले. मुलगा माधव टोरांटोला. निवृत्तीनंतर त्या अंबत्तूरच्या लहान वर्कशॉपांना यंत्रभागांची ड्रॉइंगे करून देत. आदल्या वर्षी न्हाणीघरात पडल्या आणि मनगट मोडले. माधव धावत आला. त्याने कोइंबतूरच्या एका वृद्धनिवासात आईसाठी खोली पाहिली, वैद्यकीय सोय पाहिली, बाग पाहिली. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला झोप लागत नव्हती. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून सुंदराबाईंनी त्याला माझ्यादेखत सांगितले, "जोंवर माझ्या ड्रॉइंगवर कोणी लोखंड कापतो आहे, तोंवर मी इथून हालणार नाहीं. काम थांबलें, की मीच पेटी भरीन. तुला बोलावें लागणार नाहीं." माधवने ते मान्य केले. दिलेला शब्द दोघेही मोडणार नाहीत हे मला ठाऊक होते आणि म्हणून मला तो करार आवडला नव्हता.

त्या जुलैपर्यंत कामे आटत एकावर आली होती. षण्मुगम नावाच्या एका वर्कशॉपवाल्याकडे एका गावच्या देवळाच्या रथाचा लोखंडी सांगाडा बनत होता. चाके, आस, ब्रेक, सारे. सुंदराबाईंनी एकेक भाग काढून दिला होता. आता षण्मुगमला संपूर्ण जोडणी पडद्यावर फिरवलेली पाहायची होती, कारण त्याशिवाय देवळाचे विश्वस्त लोखंड कापू देणार नव्हते. सुंदराबाईंचा संगणक एकेक भाग मुकाट्याने काढी. सगळे एकत्र आणले की पडदा गोठे आणि सॉफ्टवेअर आपोआप बंद होई. षण्मुगमने फार आदबीने सांगितले की शनिवार संध्याकाळपर्यंत वाट पाहतो, नाहीतर दुसऱ्या एका ऑफिसला विचारावे लागेल. ही गोष्ट त्यांनी मुलापासून लपवली नाही. माधवने त्याच शनिवारी सहा वाजता घर पाहण्यासाठी दलाल पाठवायचे ठरवले. नुसते पाहील, म्हणाला. "येऊं दे," त्या म्हणाल्या.

नवा संगणक घेऊन देण्याची माधवची तयारी होती. अडचण वेगळीच होती. सुंदराबाईंचे सॉफ्टवेअर त्यांनी निवृत्तीच्या वेळी कायमचे विकत घेतले होते. अंगठ्याएवढे एक डोंगल संगणकाच्या पाठीला, जुन्या प्रिंटरच्या पोर्टात, खोचलेले असेल तरच ते उघडे. तसले पोर्ट आता नव्या संगणकांना नसते. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही राहिली नव्हती. तिच्या जागी आलेले लोक सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने देत. "माझी पट्टी, माझा कंपास मी भाड्यानें आणीत नाहीं," असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता. तेव्हा संगणक तोच राहणार, सॉफ्टवेअर तेच राहणार, आणि बदलायचे ते एक ग्राफिक्स कार्ड.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी संगणकाचे कॅबिनेट उघडले होते. मी बॅटरी धरली होती. आरेखन विभागाची एक जुनी शिस्त होती: माप घेण्यापूर्वी काम पूर्ण मोकळे करायचे. सुटे ते सारे काढायचे, धूळ पुसायची, मग पट्टी लावायची. "आधीं पोट रिकामें करा," असे त्या शिकाऊ आरेखकांना सांगत. त्याप्रमाणे त्यांनी आतले सुटे अस्की काढून रुमालावर मांडले, ब्रशने कोपरे झाडले आणि मग लांबी घेतली, हार्ड डिस्कच्या चौकटीपर्यंत. उंची घेतली, झाकणापर्यंत. जाडी घेतली, खालच्या रिकाम्या जागेपर्यंत. विजेचा पुरवठा करणाऱ्या डब्यावरचे लेबल भिंग लावून वाचले. कार्डासाठी वेगळी वायर त्या डब्यातून निघत नव्हती. म्हणजे स्लॉटमधून मिळेल तेवढ्याच विजेवर चालणारे कार्ड हवे होते. रात्री पुठ्ठा कापला.

मैलापूरहून आम्ही एमआरटीएसच्या लोकल गाडीने चिंताद्रिपेटला उतरलो आणि रिची स्ट्रीटवर, संगणकाच्या सामानाच्या बाजारात, शिरलो. त्या गल्लीत भाव विचारणाऱ्याला कोणी थांबू देत नाही, पण पुठ्ठ्याचे कार्ड घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईला सर्वांनी वाट दिली. सेल्वम नावाच्या दुकानदाराने संगणकाचे वय विचारले आणि तमिळमध्ये म्हणाला, अम्मा, याला आता देवाच्या पायाशी जाऊ द्या, एक्सचेंजमध्ये नवा देतो. त्यांनी पुठ्ठा काउंटरवर ठेवला. संगणक विकायला आले नाही, म्हणाल्या. हे दे. सेल्वमने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला, शेजारच्या दुकानदारालाही दाखवला. मग त्याने बरीच खोकी उघडली. एक कार्ड लांब, एकाला दोन वायरी, एक इतके नवे की जुना मदरबोर्ड त्याला ओळखेल याची खात्री नाही. शेवटी दोन पंख्यांचे एक कार्ड निघाले. वेगळी वायर नको आणि पुठ्ठ्याशी तंतोतंत. सुंदराबाईंनी ते पुठ्ठ्यावर उपडे ठेवून चारी कडांवरून बोट फिरवले. मलाही ते पसंत पडले. सेल्वमने बिलावर उघडलेला माल परत घेतला जाणार नाही असा शिक्का मारला आणि तो शिक्का त्यांना वाचून दाखवला.

घरी येऊन त्यांनी कार्ड बसवले. ते अगदी सहज बसले. संगणक सुरू झाला, पडदा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसला. सुंदराबाईंनी सॉफ्टवेअर उघडले. डोंगल सापडत नाही, असा संदेश आला. आम्ही दोघांनी एकाच वेळी रुमालाकडे पाहिले.

रुमालावर प्रिंटरच्या पोर्टचे छोटे कार्ड होते आणि त्याला ते डोंगल तसेच लागलेले होते. ज्या स्लॉटमध्ये ते असायचे तो ग्राफिक्स कार्डाच्या लगेच खालचा. माप घेताना तो मोकळा होता, कारण त्यांनीच तो मोकळा केला होता. आता त्यावर दोन पंखे पसरले होते. उरलेले स्लॉट जुन्या घडणीचे. त्यांत हे छोटे कार्ड जाणार नव्हते. माप बरोबर होते. मापलेली जागा मात्र रिकामी नव्हती.

मी घड्याळाकडे पाहिले, ते त्यांना दिसले. "दलालास सहा म्हटलें आहे," त्या म्हणाल्या. "आतां जेवूं. उपाशी माणूस दोनदां मापतो आणि दोनदां चुकतो." दहीभात खाल्ला. मग त्यांनी पंख्यांचे कार्ड काढले, खोक्यात भरले, पोर्टचे छोटे कार्ड स्वतःच्या स्लॉटमध्ये परत बसवले आणि आता पुन्हा पट्टी लावली. पुठ्ठ्याच्या जाडीत त्यांनी नख घातले आणि अर्धे थर सोलून काढले. उरलेला पुठ्ठा कॅबिनेटमध्ये धरून पाहिला. तो पोर्टच्या कार्डाला न लागता बसला.

दुकानात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सेल्वम खोके पाहूनच मान हलवू लागला. त्याने शिक्का दाखवला. सुंदराबाईंनी विनवणी केली नाही आणि आवाजही चढवला नाही. काउंटरसमोरचे स्टूल ओढून त्या बसल्या. माल परत करायला आले नाही, बदलायला आले, असे त्यांनी सांगितले. तुमच्या मालात खोट नाही, माझ्या मापात होती. दुकानदाराला हे ऐकण्याची सवय नसावी. तो थोडा गोंधळला. त्यांनी सोललेला पुठ्ठा पुढे सरकवला. एवढ्या जाडीचे दे.

तेवढ्या जाडीचे त्याच्याकडे एकच होते. कुठल्याशा ऑफिसातल्या मशीनमधून निघालेले, एका लहानशा पंख्याचे, मेमरी पहिल्याच्या निम्मी. सेल्वमने ते पिशवीतून काढले, पण द्यायला तयार होईना. अम्मा, यावर एकही गेम धड चालणार नाही, तुम्ही उद्या परत येऊन मला बोल लावाल.

"मी खेळायला बसलेलें नाहीं," हे त्या मराठीत म्हणाल्या, माझ्याकडे पाहून. मग तेच तमिळमध्ये त्याला सांगितले. शेजारचा दुकानदार हसला, मग सेल्वमही हसला. किमतीतला फरक परत मिळणार नाही, ही त्याची अट त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि कार्ड पिशवीत घातले.

शंका मला होती. निम्म्या मेमरीत सगळा रथ मावणार नाही, संध्याकाळी सहा वाजता पडदा पुन्हा गोठला तर पुढे काय, हे मी गाडीत त्यांना स्पष्ट विचारले. त्यांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिले. "वसंतराव, रथ पळत नाहीं. ओढावा लागतो."

साडेतीनच्या सुमारास कार्ड बसले. खाली पोर्टचे कार्ड, त्याला डोंगल. सॉफ्टवेअर उघडले. त्यांनी जोडणी मागवली. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. त्यांनी मांडीवर हात ठेवले होते. मोडलेल्या मनगटावर दुसरा हात. मग एक चाक आले, दुसरे आले, आस आला आणि पुन्हा सारे थांबले. "पोदुम," त्या पडद्याला म्हणाल्या. पुरे. त्यांनी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले आणि या खेपेस जोडणी मागवण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर दृष्टीआड केला. ते शेकड्यांनी होते आणि त्यांना वेळ लागला. मी मध्ये एकदा सुचवले की षण्मुगमला फोन करून उद्यापर्यंत मुदत मागावी. "मुदत म्हाताऱ्यांस देतात," त्या म्हणाल्या. त्यांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते.

मग रथ आला. सगळा. चारही चाके, दोन्ही आस, ब्रेकच्या लाकडी पाचरी धरणारे जबडे. सुंदराबाईंनी माउस हलवला. सांगाडा अडखळला, थांबला आणि वळू लागला. वेग फारसा नव्हता. त्यांनी तो पूर्ण एक फेरा फिरवला, खालून दाखवला, वरून दाखवला, फिरतानाचे चित्रण करून षण्मुगमला पाठवले आणि खुर्चीला पाठ टेकली. त्या दिवसातले ते पहिलेच टेकणे होते.

पाचनंतर षण्मुगमचा फोन आला. त्याने शाबासकी दिली नाही. मागच्या जबड्याची एक बाजू विश्वस्तांना थोडी जाड हवी आहे, तेवढे बदलून द्या, सोमवारी लोखंड कापायला घेतो, एवढेच तो म्हणाला. सुंदराबाई चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे वळल्या. तेवढ्यात माधवचा फोन आला. तिकडे सकाळ होती. तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही. त्यांचे उत्तर ऐकू आले. "माधवा, मी कामांत आहें. रात्रीं बोल." त्यांनी फोन पालथा ठेवला.

सुंदराबाई आता नाहीत. त्या संध्याकाळनंतरही त्या याच घरात राहिल्या. कामे थोडी आली, पण आली. पेटी त्यांनी भरली नाही. गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन इस्पितळात गेल्या तेव्हा जिना उतरताना स्ट्रेचर वळणावर अडकेल असे त्यांनी उचलणाऱ्यांना झोपूनच सांगितले. ते अडकले. परत आल्या नाहीत. माधव आला, सारे नीट केले. आईच्या हट्टाखातर तिला इथे राहू दिले हे चुकले का, असे त्याने मला विचारले. मी सांगितले की तू राहू दिलेस असे तुझ्या आईला कधी वाटले नव्हते. त्याला ते लागले असेल. पण खोटे बोलून त्याला दिलासा देणे मला जमले नसते आणि सुंदराबाईंना ते चालले नसते.

मला सांगायचे आहे ते त्या शनिवारचेच. बरोबर सहाला घंटा वाजली. सुंदराबाई जबड्याची बाजू जाड करीत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. "वसंतराव, जरा पाहा."

दारात दलाल होता आणि त्याच्या मागे एक तरुण जोडपे. घर पाहायचे आहे, परदेशातल्या मुलाशी बोलणे झाले आहे, असे तो म्हणाला. मी सांगितले की घर रिकामे नाही. कधी होईल, असे त्याने विचारले. घरमालकीण आत काम करीत आहेत, असे मी सांगितले. त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिले. त्याला पाठमोऱ्या सुंदराबाई आणि पडद्यावर हळूहळू वळणारे चाक दिसले असावे. जोडप्यातली मुलगी सॉरी म्हणाली. मग दलाल जरा ओशाळून म्हणाला की टू-लेटची पाटी वर येण्यापूर्वीच फाटकाला बांधून आलो आहे.

मी आत जाऊन सुंदराबाईंच्या खणातली पक्कड घेतली आणि त्या तिघांबरोबर खाली गेलो. पाटी तारेने दोन ठिकाणी आवळलेली होती. दोन्हीकडची तार तोडली आणि पाटी दलालाच्या हातात दिली. ते लोक गेल्यावर पाहिले तर गजांवर राहिलेल्या तारेची टोके बाहेर आली होती. कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून ती पकडीने आत वळवली.